बिनतारी गृहव्यवस्था

बिनतारी गृहव्यवस्था म्हणजे घरातील दिवे, पंखे, कूलर, कुलुपे, कॅमेरे, पाण्याचे पंप आणि निरनिराळे संवेदक ही उपकरणे रेडिओलहरींच्या साहाय्याने एका नियंत्रकाशी जोडून ती दुरून, वेळापत्रकानुसार किंवा परिस्थितीनुसार आपोआप चालवण्याची पद्धती होय. व्यवहारात तिला 'स्मार्ट होम' असे म्हणतात. दोन-चार उपकरणे जोडणे हे आज मोबाईल वापरणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे काम आहे. उपकरणांची संख्या पंचवीस-तीसच्या पुढे गेली म्हणजे मात्र लहरींची गर्दी, नावांचा गोंधळ, वीज गेल्यानंतरची पुनर्जोडणी, पासवर्डांची सुरक्षितता आणि व्यवस्थेची मालकी असे प्रश्न उभे राहतात. म्हणून अशा व्यवस्थेत जोडणीपेक्षा तिचा सांभाळ हे मोठे काम ठरते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही व्यवस्था घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यासारख्या संत्रा उत्पादक भागात घरातील मोबाईलवरून बागेतील विहिरीचा पंप चालवणे, हा बिनतारी नियंत्रणाचा दिव्या-पंख्यांहून अधिक निकडीचा उपयोग आहे.

## संज्ञा व व्याप्ती

बिनतारी गृहव्यवस्थेत साधारणपणे तीन प्रकारची उपकरणे असतात. तापमान, ओलावा, हालचाल, धूर, दाराची उघडझाप, टाकीतील पाण्याची पातळी इत्यादी मोजणाऱ्या उपकरणांना 'संवेदक' म्हणतात. मिळालेल्या आज्ञेनुसार वीज चालू-बंद करणारी, झडप फिरवणारी किंवा कुलूप उघडणारी उपकरणे ही 'कारक' होत. या दोहोंमध्ये निरोपांची देवाणघेवाण घडवून आणणारे यंत्र म्हणजे 'नियंत्रक'. बाजारात त्याला 'हब' म्हणतात. काही व्यवस्थांत स्वतंत्र हब नसतो. उपकरणे थेट राउटरला जोडली जातात आणि नियंत्रण उत्पादक कंपनीच्या दूरस्थ संगणकावरून, म्हणजे 'क्लाउड'वरून होते. हा फरक वरवर दिसत नाही, परंतु इंटरनेट बंद पडल्यावर घर चालेल की नाही हे त्यावरच ठरते.

## इतिहास

घरातील उपकरणांना दुरून आज्ञा देण्याची पहिली लोकप्रिय पद्धत बिनतारी नव्हती. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केलेली 'एक्स-टेन' ही पद्धत घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवत असे. वाय-फायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये 'झेड-वेव्ह' पद्धतीची सुरुवात झाली. कमी वीज वापरणाऱ्या लहान उपकरणांसाठी ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये तयार झाले व त्यावर आधारलेली 'झिगबी' पद्धत पुढे रूढ झाली.

२०१२ मध्ये फिलिप्सचे 'ह्यू' दिवे आणि २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनचा 'एको' हा बोलका स्पीकर बाजारात आल्यानंतर हा विषय हौशी तंत्रज्ञांकडून सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये 'होम असिस्टंट' ही मुक्त स्रोत प्रणाली सुरू झाली. तिच्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्याच एका लहान संगणकावरून चालवणे शक्य झाले. प्रत्येक कंपनीची उपकरणे फक्त तिच्याच अ‍ॅपवर चालतात, ही अडचण दूर करण्यासाठी अनेक प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन 'मॅटर' हे समाईक मानक आखले. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रात दुरून नियंत्रणाची सुरुवात दिवाणखान्याऐवजी शेतातून झाली, असे म्हणता येते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे उपकरण साध्या मोबाईलवरून शेतपंप चालू-बंद करते. २००९ मध्ये या उपकरणास नोकिया कंपनीच्या नवकल्पना स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्यानंतर 'मोबाईल स्टार्टर' या नावाने अशी उपकरणे अनेक उत्पादकांनी बाजारात आणली. मराठी भाषेतून आज्ञा देण्याची सोय गुगल असिस्टंटने २०१८ मध्ये मोबाईलवर उपलब्ध करून दिली.

## रेडिओपट्टे

भारतात रेडिओलहरींचा वापर केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आहे. घरगुती उपकरणांसाठी काही पट्टे परवानामुक्त ठेवलेले आहेत.

* २.४ गिगाहर्ट्झ: हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. वाय-फाय, ब्लूटूथ, झिगबी व थ्रेड या चारही पद्धती याच पट्ट्यात काम करतात. त्यामुळे येथे गर्दी सर्वाधिक असते.
* ५ गिगाहर्ट्झ: या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला करण्यात आला. येथे वेग अधिक मिळतो, परंतु लहरी भिंतीतून कमी जातात.
* ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ: या लहरी दूरवर जातात. भारतातील झेड-वेव्ह उपकरणे आणि शेतीसाठी वापरली जाणारी 'लोरा' पद्धतीची उपकरणे या पट्ट्याचा उपयोग करतात.

परवानामुक्त याचा अर्थ संरक्षित असा नव्हे. शेजारच्या राउटरमुळे आपल्या उपकरणांत अडथळा येत असेल, तर त्याविरुद्ध हक्काने तक्रार करता येत नाही. पट्टा सर्वांनी वाटून वापरावयाचा असतो.

परदेशातील नातेवाइकांनी आणलेली उपकरणे वापरताना दोन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ, तर भारतातील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असते. फक्त १२० व्होल्टसाठी बनवलेले प्लग येथे जोडताच निकामी होऊ शकतात आणि आगीचाही धोका असतो. तसेच झेड-वेव्ह उपकरणांचे लहरीमान देशागणिक वेगळे असल्याने अमेरिकेत किंवा युरोपात घेतलेले उपकरण भारतीय नियंत्रकाशी जोडले जात नाही.

## उभारणी

### घराची पाहणी

बिनतारी लहरींची पोहोच घराच्या बांधकामावर अवलंबून असते. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती जाड असतात. नव्या घरांत लोखंडी सळया असलेला काँक्रीटचा स्लॅब असतो. गोठा किंवा मागची पडवी टिनपत्र्यांनी झाकलेली असते. या तिन्हींमुळे लहरी क्षीण होतात. त्यातही टिनपत्रा व पाण्याने भरलेली टाकी हे सर्वांत मोठे अडथळे होत. त्यामुळे राउटर कोपऱ्यातील कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवणे इष्ट असते. उपकरणे विकत घेण्यापूर्वी मोबाईल हातात घेऊन प्रत्येक खोलीत, जिन्यात, न्हाणीघरापाशी व गच्चीवर संकेताची तीव्रता पाहून घेतल्यास पुढील पुष्कळ त्रास वाचतो.

### पद्धतीची निवड

सर्वच उपकरणे वाय-फायवर असणे सुरुवातीला सोपे वाटते, कारण वेगळा नियंत्रक लागत नाही. परंतु प्रत्येक दिवा व प्रत्येक प्लग राउटरवर एक-एक जागा अडवतो. घरगुती राउटरचे स्थानिक पत्ते बहुधा २५४ पर्यंत असतात; पण इतकी उपकरणे एकाच वेळी सांभाळण्याची क्षमता साध्या राउटरमध्ये नसते आणि कितीतरी कमी संख्येवरच जोडण्या तुटू लागतात.

झिगबी व थ्रेड या पद्धतींत उपकरणे 'जाळीदार' रचना करतात. सतत विजेवर असलेला प्रत्येक प्लग किंवा स्विच आपल्या पलीकडील उपकरणाचा निरोप पुढे पोहोचवतो. त्यामुळे उपकरणे वाढली की जाळे अधिक दाट होते. घड्याळातील बटण सेलवर चालणारे संवेदक मात्र असे निरोप पुढे नेत नाहीत. ते बहुतेक वेळ निद्रिस्त राहून वीज वाचवतात. म्हणून आधी विजेवरील उपकरणे व नंतर सेलवरील संवेदक जोडणे, हा या पद्धतीत योग्य क्रम मानला जातो.

ढोबळ मानाने कॅमेऱ्यासारखी अधिक माहिती पाठवणारी उपकरणे वाय-फायवर, दिवे-स्विच-संवेदक झिगबी किंवा थ्रेडवर आणि घरापासून दूर असलेली बागेतील उपकरणे लोरावर किंवा मोबाईल सिमवर, अशी विभागणी सोयीची असते.

### वाहिन्यांची आखणी

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाय-फायच्या वाहिन्या एकमेकींवर अंशतः पसरलेल्या असतात. त्यांपैकी १, ६ व ११ या तीन वाहिन्या परस्परांना अडथळा करत नाहीत. झिगबीच्या ११ ते २६ या क्रमांकांच्या सोळा वाहिन्या त्याच पट्ट्यात आहेत. क्रमांक सारखे दिसले तरी दोन्ही पद्धतींचे क्रम भिन्न आहेत, हे लक्षात न आल्याने अनेकदा घोटाळा होतो. वाय-फाय वाहिनी १ वर ठेवल्यास झिगबीसाठी २० किंवा २५ ही वाहिनी मोकळी राहते. झिगबीची वाहिनी नंतर बदलल्यास काही उपकरणे पुन्हा नव्याने जोडावी लागतात. म्हणून हा निर्णय आरंभीच घ्यावा लागतो.

बहुसंख्य वाय-फाय दिवे व प्लग केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यास मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर राहतो व नवे उपकरण सापडत नाही. जोडणी अयशस्वी होण्याचे हे एक नित्याचे कारण आहे. जोडणीपुरते दोन पट्ट्यांना वेगळी नावे दिल्यास ही अडचण सुटते.

### नामकरण

कारखान्यातून येणारी उपकरणे 'प्लग ०१', 'डिव्हाइस ७' अशा नावांनी दिसतात. संख्या वाढल्यावर ती ओळखणे अशक्य होते. जागा, वस्तू व क्रमांक या क्रमाने नावे दिल्यास व्यवस्था समजण्यास सोपी जाते: ओसरी-दिवा-१, माजघर-पंखा, न्हाणी-गीझर, गच्ची-टाकी-पातळी, परसदार-दिवा. उच्चारात सारखी वाटणारी नावे टाळणे आवाजी आज्ञांसाठी आवश्यक असते. घरातील वृद्ध माणसे ज्या नावाने त्या खोलीला हाक मारतात तेच नाव ठेवणे श्रेयस्कर, कारण व्यवस्था तिची उभारणी करणाऱ्यापुरती नसून घरातील सर्वांसाठी असते.

याच कारणाने भिंतीवरील नेहमीचा स्विच निकामी होऊ न देणे हा चांगल्या उभारणीचा नियम मानला जातो. बिनतारी दिव्याचा भिंतीवरील स्विच कोणी सवयीने बंद केला, तर दिव्याची वीजच तुटते आणि त्याच्या आधाराने जोडलेले पलीकडचे संवेदकही जाळ्याबाहेर जातात. दिव्याऐवजी स्विचबोर्डाच्या आत बसणारे बिनतारी एकक वापरल्यास हाताने व मोबाईलने अशा दोन्ही प्रकारे दिवा लावता येतो. अशा एककांना बहुधा न्यूट्रल तार लागते. जुन्या वायरिंगमध्ये ती प्रत्येक बोर्डात असतेच असे नाही.

## व्यवस्थापन

### नोंदवही

वीसहून अधिक उपकरणांच्या व्यवस्थेसाठी लेखी नोंद अपरिहार्य असते. तीत पुढील बाबी असाव्या लागतात:

* उपकरणाचे नाव, जागा व उत्पादक
* जोडणीची पद्धत आणि जोडणीचा संकेतांक
* राउटरने दिलेला स्थानिक पत्ता
* बसवल्याची व सेल बदलल्याची तारीख
* हमीची मुदत
* ज्या खात्यातून उपकरण चालते ते खाते
* सिम असल्यास त्याचा क्रमांक व रिचार्जची तारीख

मॅटर पद्धतीच्या उपकरणावर क्यूआर चित्र व ११ अंकी संकेतांक छापलेला असतो. उपकरण भिंतीत बसवल्यावर तो दिसत नाही, आणि पुनर्जोडणीच्या वेळी त्याच्यावाचून काम अडते. यास्तव बसवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवतात. ही नोंदवही कागदी असणे अधिक उपयुक्त ठरते. व्यवस्था बंद पडली असतानाच तिची गरज लागत असल्याने ती केवळ मोबाईलमध्ये असून भागत नाही.

### वीज जाणे व येणे

ग्रामीण महाराष्ट्रात बिनतारी व्यवस्थेची खरी परीक्षा वीज परत येते त्या क्षणी होते. राउटर पूर्ण सुरू होण्यास एक-दोन मिनिटे लागतात. त्याआधीच जागी झालेली उपकरणे जाळे सापडत नाही म्हणून पुन्हापुन्हा प्रयत्न करतात व त्यांपैकी काही थांबतात. राउटर व नियंत्रक इन्व्हर्टरवर ठेवल्यास हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

प्रत्येक दिव्याला व प्लगला 'वीज आल्यानंतरची स्थिती' ठरवून देता येते: चालू, बंद किंवा पूर्वीप्रमाणे. अनेक दिवे मुळात 'चालू' या स्थितीत विकले जातात. त्यामुळे रात्री दोन वाजता वीज आल्यास सारे घर उजळून निघते. दिव्यांसाठी 'पूर्वीप्रमाणे' आणि गीझर, पंप यांसाठी 'बंद' ही निवड सुरक्षित मानली जाते.

### स्वयंचलित नियम

'अंधार पडल्यावर परसदारचा दिवा लागावा', 'टाकी भरल्यावर पंप बंद व्हावा' अशा सूचनांना स्वयंचलित नियम म्हणतात. नियम वाढले की ते परस्परविरोधी होऊ शकतात. एकाच पंपाला एक नियम चालू करतो व दुसरा बंद करतो, असे घडल्यास पंपाची मोटार बिघडते. म्हणून एका कारकासाठी शक्यतो एकच नियम, आणि प्रत्येक 'चालू'च्या नियमासोबत कमाल वेळेची मर्यादा, अशी शिस्त पाळली जाते. जे नियम सुरक्षिततेशी संबंधित आहेत ते क्लाउडवर न ठेवता घरातील नियंत्रकावर ठेवणे आवश्यक असते.

## वरूड परिसरातील उपयोग

वरूड तालुका अमरावती जिल्ह्याच्या ईशान्येस, सातपुड्याच्या पायथ्याशी व मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आहे. वरूड, मोर्शी व शेंदुरजनाघाट हा परिसर संत्रा बागांसाठी प्रसिद्ध असून त्यास विदर्भाचे कॅलिफोर्निया असे म्हटले जाते. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागांची मोठी संख्या आणि विहिरी व बोअरवेल यांतून होणारा उपसा यांमुळे केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात वरूड तालुका 'अतिशोषित' गटात गणला गेला आहे.

संत्रा झाडाला पाणी केव्हा द्यावे याइतकेच ते केव्हा तोडावे यालाही महत्त्व असते. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेला ताण देतात आणि ताण सोडल्यावर नियमित ओलित सुरू करतात. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात द्यावा लागतो. मातीतील ओलावा मोजणारे बिनतारी संवेदक या निर्णयाला आधार देतात. संवेदक झाडाच्या मुळांच्या कक्षेत व ठिबकच्या नळीपासून ठरावीक अंतरावर बसवावा लागतो. तोटीच्या अगदी खाली बसवल्यास बाग कोरडी असतानाही तो ओलावा दाखवतो. दाट पर्णसंभारातून जाताना लहरी क्षीण होत असल्याने लोराचा ग्राहक घराच्या गच्चीवर किंवा उंच खांबावर बसवतात. मोकळ्या जागेत काही किलोमीटर पोहोचणारा संकेत बागेत बराच कमी पोहोचतो.

कृषी वाहिनीवर थ्रीफेज वीज ठरावीक तासांपुरती आणि आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आली आहे. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करण्यासाठी वावरात जाणे म्हणजे साप, रानडुकरे व ओल्या तारा यांचा धोका पत्करणे होय. मोबाईल स्टार्टरचे खरे मोल यातच आहे. वीज आल्याचा निरोप मिळणे, घरून पंप सुरू करणे, विहिरीतील पाणी संपताच 'कोरडा पंप' ओळखून तो थांबवणे आणि एक फेज गेल्यास मोटार जळण्यापूर्वी वीज तोडणे ही कामे असे उपकरण करते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा उद्देश असून, जेथे ती पोहोचते तेथे रात्रीच्या ओलिताची गरज कमी होते.

याच परिसरात अनेक स्वयंचलित उपकरणांच्या व्यवस्थापनाचा एक मोठा प्रश्नही दिसून येतो. वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या साधनाला 'ऑटोस्विच' म्हणतात. एकाच रोहित्रावरील, म्हणजे गावच्या भाषेत एकाच डीपीवरील, सर्व पंपांना ऑटोस्विच असेल तर वीज येण्याच्या क्षणी सर्व मोटारी एकदम सुरू होतात. मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचते. परिणामी विजेचा दाब घसरतो, मोटारी तापतात आणि रोहित्र जळते. रोहित्र बदलून मिळेपर्यंत त्यावरील सर्वांचेच ओलित थांबते. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच टाळण्याचे व कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन करत असते. बिनतारी स्टार्टरमध्ये वीज आल्यानंतर काही मिनिटांचा विलंब ठेवण्याची सोय असते. एकाच डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून निरनिराळा विलंब ठेवल्यास भार टप्प्याटप्प्याने येतो. येथे व्यवस्थापन हे एका घरापुरते न राहता शेजारधर्माचा भाग बनते.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. पंप घरबसल्या चालवता येऊ लागल्यावर पाणी आपोआप वाचते, असे नाही. ओलाव्याची नोंद व वेळेची मर्यादा नसेल तर सोयीमुळे उपसा वाढूही शकतो. अतिशोषित तालुक्यात स्वयंचलित यंत्रणेचा उपयोग पंप सुरू करण्याइतकाच तो वेळेवर थांबवण्यासाठी होणे महत्त्वाचे ठरते.

## विद्युत सुरक्षितता

बिनतारी प्लग हा विजेचा साधा स्विचच असतो आणि त्याला प्रवाहाची मर्यादा असते. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो; त्याला ६ अँपिअरचा प्लग चालत नाही, १६ अँपिअरचाच लागतो. पंपासारख्या मोटारींचा आरंभीचा प्रवाह मोठा असल्याने त्यांना प्लगवर थेट न चालवता कॉन्टॅक्टर किंवा स्टार्टरमार्फत चालवतात.

विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते व घरोघरी पाण्याचे कूलर लागतात. ओल्या फरशीवर उभे राहून कूलरच्या लोखंडी पत्र्याला हात लावल्याने विजेचा धक्का बसून मृत्यू झाल्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात. मोबाईलवर कूलर 'बंद' दिसतो म्हणून त्यात पाणी भरण्यास जाणे धोकादायक आहे. बिनतारी प्लगने वीज तोडल्याचे दाखवले तरी कूलरची पिन हाताने काढणे आवश्यक असते, कारण प्लगमधील संपर्क चिकटून राहू शकतो किंवा दुसरी व्यक्ती दुरून वीज सुरू करू शकते. व्यवस्थित अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी यांना बिनतारी उपकरण हा पर्याय नाही.

## माहितीची सुरक्षितता व खासगीपणा

२०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिने साठाहून अधिक कारखानी वापरकर्तानावे व पासवर्ड यांच्या जोड्या वापरून पाहिल्या. मालकांनी ते पासवर्ड कधी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांमार्फत 'डिन' या अमेरिकी कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेचे बंधनकारक निकष २०२५ पासून लागू करण्यात आले आहेत.

घरगुती स्तरावर पुढील उपाय प्रभावी ठरतात: प्रत्येक उपकरणाचा कारखानी पासवर्ड बदलणे, राउटरवर डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ संरक्षण ठेवणे, उपकरणांसाठी स्वतंत्र 'गेस्ट' जाळे करून बँकेचे व्यवहार होणारे मोबाईल व संगणक वेगळ्या जाळ्यावर ठेवणे, उपकरणांची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करणे, आणि उत्पादकाने अद्यतने देणे थांबवलेली उपकरणे इंटरनेटपासून तोडणे.

कॅमेरा केवळ चोराला पाहत नाही. तो घरातील स्त्रिया, वृद्ध, कामाला येणाऱ्या व्यक्ती व शेजारी यांनाही पाहतो. शेजाऱ्याचे अंगण किंवा दार टिपले जाणार नाही अशा बेताने त्याची दिशा ठेवणे आणि चित्रण सुरू असल्याची कल्पना घरात येणाऱ्यांना देणे हे सौजन्याचे तसेच सुरक्षिततेचे काम आहे. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला.

## मालकी व हस्तांतरण

बिनतारी व्यवस्थेची चावी म्हणजे ती ज्या खात्यावर नोंदवली आहे ते खाते. बहुतेक कुटुंबांत घरातील एखादा तरुण आपल्या ई-मेलवर सर्व उपकरणे नोंदवतो. तो शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेल्यावर वा त्याचा मोबाईल बदलल्यावर, घरात राहणाऱ्यांना आपल्याच दिव्यांची वेळ बदलता येत नाही. खातेदाराचे निधन झाल्यास अडचण अधिक वाढते. याउलट भाडेकरू बदलल्यानंतर किंवा कुटुंब विभक्त झाल्यानंतर जुन्या खात्याचा प्रवेश काढला नाही, तर बाहेरची व्यक्ती त्या घरातील कॅमेरा पाहू शकते व कुलूप उघडू शकते. यासाठी घराच्या नावाने स्वतंत्र खाते ठेवणे, किमान दोन प्रौढ व्यक्तींना पूर्ण अधिकार देणे, आणि घर सोडताना किंवा उपकरण विकताना ते मूळ कारखानी स्थितीत आणणे हे उपाय सुचवले जातात.

मालकीचा दुसरा पैलू उत्पादक कंपनीशी निगडित आहे. 'रिव्हॉल्व्ह' हा नियंत्रक त्याच्या मालक कंपनीने १५ मे २०१६ रोजी दूरस्थ सेवा थांबवून कायमचा निरुपयोगी केला. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन' कंपनीच्या सेवा पूर्वसूचनेशिवाय बंद पडल्या. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. या दोन्ही घटनांत उपकरणे धडधाकट होती. बंद पडले ते दूर कोठेतरी असलेले संगणक. मॅटरसारखी समाईक मानके आणि घरातच चालणारे नियंत्रक यांचा आग्रह धरला जातो तो याच कारणाने.

## मर्यादा

बिनतारी संवेदकांचे सेल साधारण एक ते दोन वर्षांत बदलावे लागतात. उन्हात तापणाऱ्या पंपपेटीत लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. सिमवर चालणारा स्टार्टर रिचार्ज संपताच मुका होतो, आणि ते ओलिताच्या ऐन वेळीच ध्यानात येते. मराठी आवाजी आज्ञांची सोय असली तरी वऱ्हाडी बोलीतील शब्द व उच्चार यंत्राला नेहमीच कळतात असे नाही. उपकरणांची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच होते व बिघडलेले एकक बहुधा बदलावेच लागते. या सर्व कारणांमुळे दिवा, दार, पाणी व पंप या चार आवश्यक बाबी हाताने चालवण्याची सोय कायम ठेवणे, हा बिनतारी गृहव्यवस्थेचा अविभाज्य भाग मानला जातो.